नदीला न सापडलेला पूल

मध्यप्रदेश नवीनच झाला होता आणि मीही नवीनच इंजिनियर झालो होतो. दोघांनाही आपापल्या हद्दी अजून नीट ठाऊक नव्हत्या. राज्य हळूहळू शिकलं. माझं काय झालं ते सांगतो.

आमचं ऑफिस इंदूरच्या तुकोगंजात, एका जुन्या बंगल्यात होतं. काम रस्त्यांचं आणि पुलांचं. माळव्यात रस्ता काढायचा म्हटला की दर दोन-चार कोसांवर एखादा नाला नाहीतर छोटी नदी आडवी येते. उन्हाळ्यात बकरी खूर ओले न करता ती ओलांडते, आणि पावसाळ्यात एखाद्या दिवशी तीच नदी बैलांसकट गाडी उचलून नेते. म्हणून पूल बांधायच्या आधी कुणीतरी सांगावं लागतं, की हिला जास्तीत जास्त पूर येईल तो केवढा. त्यावर पुलाची उंची, लांबी, खांब, सगळं ठरतं. हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात मी सगळ्यांत नवा होतो, आणि हे काम असं, की उत्तर बरोबर आलं तर कुणाला कळत नाही, चुकलं तर अख्ख्या जिल्ह्याला कळतं. जुनी माणसं अशा कामाच्या वाटेला जात नाहीत.

कॉलेजात आम्हाला एक फॉर्म्युला शिकवला होता. कुठल्याशा इंग्रज साहेबाने तो शंभरेक वर्षांपूर्वी काढला होता. नदीला जेवढ्या मुलखाचं पाणी मिळतं त्याचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याचा पाऊण घात करायचा आणि त्याला ‘सी’ने गुणायचं. क्षेत्रफळ नकाशावरून मिळे, पाऊण घात लॉगरिथमच्या पुस्तिकेतून मिळे. ‘सी’ कुठून आणायचा? पुस्तकात लिहिलं होतं, की तो इंजिनियरने अनुभवावरून ठरवावा. माझा पाण्याचा अनुभव म्हणजे खान नदीच्या पुलावर उभं राहून एकदा पूर बघितला होता, आणि घरी आल्यावर वडिलांचा मार खाल्ला होता. त्यावरून ‘सी’ काढणं अवघड होतं.

आमचे मोठे साहेब मूळचे नागपूरचे. राज्यं बदलली तेव्हा नागपूर मुंबईकडे गेलं आणि साहेब आमच्या वाट्याला आले. माणूस प्रेमळ, पण आमचं इंदुरी मराठी त्यांना सहन होत नसे. मी एकदा म्हणालो, “सर, नकाशा तर मी कालच ढूंढून ठेवला, मतलब फाइलच्या नीचेच आहे,” तर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “अरे बाप्पा, हे मराठी आहे का हिंदीला लुगडं नेसवून आणलंस?” आमच्या घरात दोन पिढ्या असंच बोलणं चाललं होतं. वडील होळकर सरकारच्या कचेरीत होते, त्यांचे वडील फौजेत. दूध मराठीत तापायचं आणि हिंदीत उतू जायचं.

तर एक दिवस साहेबांनी बोलावलं. इंदूरहून निघणाऱ्या एका रस्त्यावर, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, एक नदी होती. नदीचं नाव मी सांगत नाही. तिला काही वाटणार नाही, मला वाटेल. तिच्यावर पूल व्हायचा होता.

“फॉर्म्युला मागून पाहू,” साहेब म्हणाले. “आधी गावात जा. दोन्ही काठांवर एक-एक गाव आहे. म्हाताऱ्या माणसांना विचार, आजवरचा सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता. भिंत, झाड, देऊळ, जिथे दाखवतील तिथे खूण कर आणि तिची उंची मोजून आण. लोकं खोटं बोलतात, पाणी खोटं बोलत नाही.”

पाणी खोटं बोलत नाही हे मला पटलं. पाणी कुठवर आलं होतं ते मात्र लोकच सांगणार होते, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

इंदूरच्या बाजूचा काठ डावा. तिथल्या गावात मी खलाशाला, म्हणजे मोजणीचं सामान वाहणाऱ्या ऑफिसच्या गड्याला, घेऊन बसमधून उतरलो. तिपाईवर दुर्बीण लावली, आकडे रंगवलेली उंच लाकडी पट्टी खलाशाच्या हातात दिली आणि चावडीवर विचारलं, “सगळ्यात मोठा पूर कुठपर्यंत आला होता?”

गावच्या पटेलांनी, म्हणजे आपल्याकडच्या पाटलांनी, मला त्यांच्या माडीवर नेलं. भिंतीवर डोक्याच्याही वर हात लावून म्हणाले, “यां तक, साब. यां तक पाणी.” बाकीचे माना हलवू लागले. एक जण म्हणाला, पटेल साहेब संकोची आहेत म्हणून खाली दाखवतात, पाणी याच्याही वर होतं. मी म्हटलं, “माडी बुडाली, मग तुम्ही कुठे होता?” “झाड पे,” सगळे एकदम म्हणाले. मी खूण केली, उंची मोजली. मला फार आनंद झाला होता. एवढा मोठा पूर आणि एवढे एकमताचे साक्षीदार!

दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून उजव्या काठावर गेलो. नदीत तेव्हा पाणी पिंढरीएवढं होतं. पलीकडच्या गावात दुर्बीण लावताच बायका मुलांना आत घेऊन गेल्या. म्हातारे आले, पण दूर बसले. मी तोच प्रश्न विचारला. ते एकमेकांकडे बघत राहिले. मग एकाने काठाच्या खाली, धुण्याच्या दगडाकडे बोट केलं. “बस. वां तक.” मी म्हटलं, “एवढंच? गावात पाणी आलं नाही कधी?” “कधी नी,” तो म्हणाला. “म्हारो बाप बोलतो थो, या नदी गाय है.”

मी तीही उंची मोजली आणि कागदावर नदीचा आडवा छेद काढला, म्हणजे नदी सुरीने कापली तर कशी दिसेल ते चित्र. डाव्या काठावरची खूण मांडली, उजव्या काठावरची मांडली, आणि मधून पाण्याची रेघ ओढली. रेघ तिरकी आली. डाव्या काठाला पाणी माडीवर, उजव्या काठाला धुण्याच्या दगडावर. मी पट्टी बदलली, पेन्सिल बदलली. दुर्बीण बिघडली असेल म्हणून सगळ्या उंच्या पुन्हा मोजल्या. खलाशी घामाघूम झाला. रेघ तिरकीच राहिली. मग मी एक विचार केला, तो आजही कुणाला सांगायला जड जातो. नदीला इथे वळण आहे, वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला चढतं, असं पुस्तकात वाचलं होतं. मी वळणाचं गणित मांडायला बसलो. त्या गणिताप्रमाणे नदी आगगाडीपेक्षा जोरात धावायला हवी होती. तरी मी ते खोडलं नाही.

हे मी करत होतो एका मराठी घराच्या ओसरीवर. उजव्या काठाच्या गावात आमच्या लोकांचं एक घर होतं. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, इनामाची थोडी जमीन मिळाली आणि ते तिथेच राहिले. घरात एक आजी होत्या. गावातले त्यांना बाईसाब म्हणायचे. इंदूरचा मराठी मुलगा भर दुपारी कागद पसरून बसलाय म्हटल्यावर त्यांनी मला आत बोलावून जेवायला वाढलं. जेवताना मी पुराचा विषय काढला.

“मी या घरात सून होऊन आले ना, त्याच वर्षी आला होता मोठा पूर,” आजी म्हणाल्या. “सासूबाईंनी मला राममंदिराच्या ओट्यावर उभं केलं. माझ्या कमरेएवढं पाणी होतं रे बेटा.”

मी ताटावरून उठतच होतो, पण त्यांनी बसवलं. जेवण झाल्यावर आम्ही देवळाच्या ओट्यावर गेलो. मी आजींच्या कमरेजवळ पट्टी धरली. त्या म्हणाल्या, “अरे, आता मी वाकलेय. तेव्हा सरळ होते. आणि तेव्हा मी तेरा वर्षांची होते, उंचीही कमी.”

म्हणजे तेव्हाच्या आजी शोधायला हव्या होत्या. त्यांनी गावातल्या मुली बोलावल्या. मुली एकामागून एक ओट्यावर उभ्या राहायच्या आणि आजी लांबून बघून निकाल द्यायच्या. “ही लांबडी. ही ठेंगणी. हिची मान लांब आहे, पण कंबर ठीक आहे.” मुलींच्या आयांना वाटलं, बाईसाब कुणासाठी तरी सून बघतायत. दोघी घरी जाऊन आपापल्या मुलींना नवी ओढणी घालून घेऊन आल्या. मी पट्टी धरून उभा, आणि आजी मध्येच मला विचारायच्या, “वडील कुठल्या कचेरीत होते म्हणालास? घर स्वतःचं का? भाऊ किती? नोकरी पक्की झाली?” मी सगळ्याची उत्तरं देत होतो. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला बोलायला हवं असतं.

शेवटी एक मुलगी पसंत पडली. तिच्या कमरेची उंची मी मोजली, घाम पुसला आणि म्हणालो, “आता खात्रीची खूण मिळाली.”

“आजी,” मागून कुणीतरी म्हणालं, “पण हा ओटा आजोबांनी नंतर वाढवून घेतला ना? आधी तर दोनच पायऱ्या होत्या, तूच सांगतेस.”

“अगं हो की,” आजी म्हणाल्या.

बोलणारी त्यांची नात होती. इंदूरला मामांकडे राहून बी.ए. करत होती आणि सुट्टीला आली होती. तिने माझ्या हातातला कागद बघितला. “हे काय आहे?” तिने विचारलं. मी जरा रुबाबात छेद समजावून सांगितला. तिने तिरक्या रेघेवर बोट ठेवलं.

“पाणी असं उभं राहतं?”

“वळणावर राहू शकतं,” मी म्हणालो.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. “इंजिनियर साहेब, तिकडच्या गावाला पूल हवाय,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं, पूर जितका मोठा दाखवू तितका पूल लवकर होईल. इकडच्या गावाला वाटतं, तुम्ही धरणाचे आहात. चंबळेवर धरण होतंय, गावं उठतायत, हे सगळ्यांनी ऐकलंय. तुम्ही खूण कराल तिथपर्यंत जमीन बुडणार, म्हणून ते खालचा दगड दाखवतायत. पाणी बिचारं काय करणार?”

मी कागदाची गुंडाळी केली. खलाशी आभाळाकडे बघत होता.

ऑफिसात परत आल्यावर साहेबांनी छेद टेबलावर पसरला आणि मान तिरकी करून बघितला. “नदी आहे का घसरगुंडी?” ते म्हणाले. मी नातीचं स्पष्टीकरण माझं म्हणून सांगितलं. त्यांना ते आवडलं. “शहाणा आहेस,” म्हणाले. “आता फॉर्म्युला लाव. ‘सी’ किती घेशील?”

त्या ‘सी’वरून आमच्या ऑफिसात चार दिवस भांडण चाललं. ग्वाल्हेरकडून आलेले नकाशेवाले म्हणाले, शिंदे सरकारात आम्ही अमुक घ्यायचो. साहेब म्हणाले, नागपुराकडे आम्ही तमुक घेतो. होळकरांच्या वेळचे एक जुने ओव्हरसियर होते, ते म्हणाले, आम्ही काहीच घेत नव्हतो, पूल पडला की मोठा बांधत होतो. शेवटी मी सगळ्यांत मोठा ‘सी’ घेतला आणि आलेल्या उत्तरात थोडी भर घातली. हे भीतीने केलं. साहेबांनी कागदावर सही करायच्या आधी आणखी थोडी भर घातली. कागद वर भोपाळला गेला, तिथल्या साहेबांना आमच्या दोघांचा भरवसा वाटला नसावा, त्यांनीही भर घातली. असा तीन भित्र्या माणसांनी मिळून एक पूर तयार केला. एवढा पूर त्या नदीने तर नाहीच, तिच्या आईनेही बघितला नसेल.

त्या पुरासाठी जो पूल झाला तो फार देखणा होता. दगडी खांब, वर सिमेंटचा स्लॅब, आणि दोन्हीकडून पुलावर चढायला मातीचे उंच भराव. सपाट माळावर तो लांबून दिसायचा, जसं कुणी लग्नाचा मांडव घालून निघून गेलंय आणि वरात आलीच नाही. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत म्हशी बसायच्या. डाव्या काठाचा आठवड्याचा हाट हळूहळू पुलाखालीच भरू लागला, कारण गावात तेवढी सावली कुठे नव्हती. मी पाहणीला गेलो की कांदे विकणारी बाई विचारायची, “साब, नदी कब आवेगी?”

मध्ये त्या नातीशी माझं लग्न झालं. हे वाक्य लहान आहे, पण गोष्टही तेवढीच होती. आजींनी ओट्यावर सगळी चौकशी करून ठेवलीच होती. पूल पुरा व्हायच्या आधी त्यांचा निरोप माझ्या वडिलांना आला. मुलगी बघायला मी राजवाड्याजवळ तिच्या मामांकडे गेलो. पोह्यांची बशी माझ्या पुढे ठेवत ती हळूच म्हणाली, “पाणी सरळ झालं का?” माझा पहिलाच घास घशात अडकला. मामांना वाटलं मिरची लागली. त्यांनी पाणी मागवलं. घरी परतताना वडिलांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. ती का हो म्हणाली ते मी पुष्कळदा विचारलं आहे. दर वेळी वेगळं उत्तर मिळतं.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ती माहेरी गेली. राखी झाल्यावर मी आणायला गेलो. सासुरवाडीला दोन दिवस दालबाफले खाल्ले. मेव्हण्यांनी पुलाचं जेवढं कौतुक करायचं तेवढं केलं. “जावईबापूंनी आम्हाला गच्ची बांधून दिलीय,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसने आम्ही इंदूरला निघालो. गावात भुरभुर होती. वरच्या अंगाला रात्रभर धो धो पाऊस झाला होता, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

बस भरावावर चढून पुलावर आली. पुलाखाली पाणी चांगलं होतं, गढूळ, वेगाचं, खांबांच्या अर्ध्यापर्यंत. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघितलं. माझ्या पुलाखालून पहिल्यांदा एवढं पाणी जात होतं. मी बायकोला म्हणालो, “बघ. किती जागा शिल्लक आहे अजून.” तेवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला.

समोर पूल होता, पुलानंतर रस्ता नव्हता. नदी पुलाच्या वरच्या अंगाला डावा काठ सोडून शेतात शिरली होती. सपाट मुलूख, तिला अडवायला काही नाही. शेतांतून ती भरावापाशी आली, तिथे तुंबली, आणि मग तिने भराव फोडला. आमच्या डोळ्यांदेखत मातीचे मोठमोठे गोळे पाण्यात पडत होते. ड्रायव्हर बस मागे घेऊ लागला. कंडक्टर मागच्या दारातून ओरडला, “उस्ताद, पीछे भी गया!” मागचा भरावही खचला होता. अर्धी नदी पुलाच्या डावीकडून, थोडी उजवीकडून आणि उरलेली खालून चालली होती. आम्ही मध्ये, बसमध्ये, पुलावर.

एवढ्या गणितात मी पाणी किती येईल ते काढलं होतं. ते कुठून जाईल, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

उतारू खाली उतरले. बरोबर एक गूळ-धान्याचे शेटजी होते, एक बाई बकरी घेऊन होती, शाळेतले एक म्हातारे गुरुजी होते, आणि बाकी राखीहून परतणाऱ्या लेकीसुना. शेटजींनी पुलावर पाय आपटून बघितला. “पूल मजबूत है भिया,” ते म्हणाले. “किसने बनाया?”

मी नदीकडे तोंड करून उभा राहिलो. बायको म्हणाली, “यांनी. म्हणजे पाणी यांनी मोजलं, मग त्याप्रमाणे पूल बांधला.”

मला वाटलं आता आपली धडगत नाही. पण सगळ्यांना बरंच वाटलं. पाण्याचा जाणकार आपल्यात आहे! गुरुजींनी मला कठड्यापाशी जागा करून दिली. शेटजींनी विचारलं, “इंजिनियर साब, पाणी कब उतरेगा?”

मी पाण्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. अशी लहान नदी झटकन चढते आणि झटकन उतरते, हे खरं आहे. “तासाभरात उतरू लागेल,” मी म्हणालो.

तासाभराने पाणी एक हात चढलं. शेटजींनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हीच कमाल पातळी, आता याच्यावर जाणार नाही. ते वर गेलं. मग मी म्हटलं, पाऊस थांबलाय, म्हणजे आता नवं पाणी येणार नाही. तेव्हाच पाऊस लागला. सगळे बसमध्ये शिरले. बकरी माझ्या पायाशी उभी राहिली. ड्रायव्हर पुढच्या सीटवरून कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला, “साब जो बोले उसका उल्टा समझो, तो बराबर बैठता है.” गुरुजींनाही हसू आवरलं नाही. बायकोने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही आता काही बोलू नका. लोक घाबरतायत.”

उजेड असतानाच डाव्या काठाच्या लोकांनी आम्हाला बघितलं. होडी त्यांच्याकडे नव्हती. त्या गावात गुळाचं गुऱ्हाळ होतं, तिथली रस आटवायची मोठी लोखंडी काहील त्यांनी पाण्यात सोडली. तिला दोर बांधले, दोन पोहणारे धरायला आले, आणि फुटलेल्या भरावाच्या जागेतून ती काहील पुलाच्या टोकाशी लावली. एका वेळी दोघं-तिघं बसू शकत होते.

मी म्हटलं, आधी बायका आणि गुरुजी जातील, मी सगळ्यांत शेवटी. माझ्या मनात जहाजाच्या कप्तानाचं काहीतरी होतं. कंडक्टर म्हणाला, “नहीं साब, आप पहले. आप यहाँ रहोगे तो और कुछ बोल दोगे.” सगळे हसले आणि मला सगळ्यांच्या आधी, बकरीसोबत, काहिलीत बसवलं. काहील गोल असते, ती गरगर फिरते. मी एकदा इंदूरकडे तोंड करून होतो, एकदा सासुरवाडीकडे. बकरी शांत होती. काठावर लागल्यावर मी ऐटीत उडी मारली ती गुडघाभर काळ्या चिखलात, आणि माझा एक बूट तिथेच राहिला. दोघांनी मला उचलून बाहेर काढलं. त्यांतले एक माडीवाले पटेल होते.

“देखो साब,” ते म्हणाले, “हमने बोला था न, पाणी बहोत आता है.”

त्यांची माडी कोरडी होती, हे मी बघत होतो. पण त्यांच्याच घरी आम्हाला गरम भाकरी आणि बेसन मिळालं, कोरडे कपडे मिळाले. पटेलीणबाईंनी माझ्या बायकोला आपलं लुगडं दिलं. तेव्हा मी म्हणालो, “हो पटेल साहेब, बरोबर बोलला होतात.”

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं. साहेब जीपने आले. पूल जिथल्या तिथे होता, खांबाचा एक दगडही हलला नव्हता. दोन्हीकडे रस्त्याच्या जागी खड्डे होते आणि वर, एकटी, बस उभी होती. साहेबांनी हे सगळं कमरेवर हात ठेवून बघितलं.

“पूल फर्स्ट क्लास आहे,” ते म्हणाले. “फक्त नदीले सापडला नाही.”

मग त्यांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, की सही माझीही आहे आणि भोपाळचीही आहे, तू एकटा तोंड पाडू नकोस. मग, जीपमध्ये बसताना, पूर केवढा होता ते काढून पाठव असं सांगितलं. मी बसलो काढायला. पुलाखालून किती गेलं ते आलं. शेतांतून किती गेलं, ते कशाने मोजणार? ज्वारी सगळीकडे आडवी होती. त्यामुळे मी काढलेला आकडा बरोबर होता की चूक, हे त्या नदीने मला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डावीकडचा उंच भराव काढून तिथे रपटा केला, म्हणजे रस्ता खाली उतरवून फरसबंदी केली, पुराला वरून जाऊ द्यायचं म्हणून. तेव्हापासून पूर आला की बस रपट्याच्या अलीकडे थांबते आणि पाणी उतरायची वाट बघते. पूल नव्हता तेव्हाही ती काठावरच थांबायची. मेव्हणे म्हणतात, फरक एवढाच, की आता थांबल्यावर समोर बघायला काहीतरी आहे.

वर्षभरात माझी बदली झाली. नव्या ठिकाणच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी चहा मागवला आणि विचारलं, “बकरीबरोबर काहिलीतून आलेले ते तुम्हीच का?” मी हो म्हणालो. ते खूप हसले आणि मला इमारतींचं काम दिलं. मी शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, एक कोर्टही बांधलं. संध्याकाळी घरी आल्यावर बायको विचारायची, आज कुठे होता? मी म्हणायचो, कोरड्या जागी. ती म्हणायची, मग बरं, हात धुवा, जेवायला बसू.